युवक मंडळांना एकत्र संघ कशाला? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांना आला असेल. म्हणणं असं की खरा स्वयंसेवक खिशातून खर्च करतो, रजिस्ट्रेशन नि फंड म्हणजे पैसे खायचा धंदा, सरकारी योजना आहेतच, आणि मंडळांचा एकत्र संघ म्हणजे पुढारी व्हायची शिडी.

आधी खिशाचं बोलू. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करून रविवारी वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्या पोराच्या खिशात असतं किती? पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या आदिवासी तालुक्यात शिबिर घ्यायचं तर गाडीभाडं, जेवण, औषधं सगळं आलं. खिशातूनच करा म्हटलं की ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांचीच मंडळं टिकतात, मला हे अजिबात मान्य नाही.

रजिस्ट्रेशनचं तर उलटंच आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्यात किमान 7 सभासद लागतात, शिवाय महाराष्ट्रात 1950 च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, म्हणजे हिशोब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. ज्याला खायचंय तो या भानगडीत कशाला पडेल? कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा निधी, हवा तर आयकर खात्याच्या 12ए, 80जी नोंदण्या आणि 2021 पासून सरकारकडे भरायचा सीएसआर-1 फॉर्म. हे सगळं विशी-बाविशीच्या पोरांनी एकट्याने कसं निभवायचं? सिडकोतल्या एका अभ्यासिकेचं सांगते. सेक्रेटरी नोकरीसाठी पुण्याला गेला, नवा निवडला, ठराव वहीत लिहिला, सह्या झाल्या नि वही कपाटात गेली. 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, द्यायचा असतो हे कोणालाच माहीत नव्हतं, मग बँकेत सही बदलायला गेले तर कागद मागितले, ते नव्हते, आणि खात्यात पैसे असून लाइटबिल पोरांनी वर्गणी काढून भरलं. यात कोणी एक रुपया खाल्ला नव्हता, वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं एवढंच. मंडळांना आधार देणारा संघ लागतो तो इथे.

सरकारी योजना आहेत, चांगल्याही आहेत. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून आहे, दोन वर्षांत 240 तासांचं काम, पण ते शिकणाऱ्यांसाठी, दहावीनंतर कंपनीत हेल्पर लागलेला मुलगा त्यात कुठे बसतो? आणि 2023 मध्ये आलेल्या माय भारत या केंद्र सरकारच्या तरुणांसाठीच्या पोर्टलवर नाव नोंदवलं म्हणून मंडळाच्या ऑडिटची फी भरली जात नाही.

राहिली शिडी. कोणी चढेलही, नाही म्हणत नाही. त्यावर उपाय म्हणजे पदाची मुदत ठरवा, निवडणूक घ्या, हिशोब सगळ्यांसमोर ठेवा. पण मंडळांच्या वतीने बोलायला कोणी नकोच म्हणाल तर 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे बघा. रामकुंडाच्या गर्दीत मदतीला तरुण पोरं-पोरी लागणारच. त्यांचा विमा कोण काढणार, जेवण-पाण्याची सोय काय, रात्रीच्या ड्युटीनंतर मुली घरी कशा जाणार? एका मंडळाचं पत्र सरकारी ऑफिसच्या आवक-जावकात पडून राहतं. पंचवटी, सिडको, नाशिकरोडच्या मंडळांनी मिळून दिलेल्या पत्रावर निदान मीटिंग तरी लागते, आणि त्या मीटिंगला ही पोरं स्वतः बसली पाहिजेत.