यांकीजचे होमरन आणि उजवीकडचं कुंपण

'न्यूयॉर्क यांकीजच्या होमरनचं कसलं कौतुक? त्यांच्या मैदानाचं उजवीकडचं कुंपण जवळ आहे, म्हणून पडतात ते.' यांकीज या अमेरिकी बेसबॉल संघाबद्दल दर सीझनला हे वाक्य नव्याने फिरतं. होमरन म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेला बॉल, आपल्या सिक्ससारखा. छोटी बाउंड्री म्हणजे फुकटचा सिक्स, हे डोक्यात बसलेल्या आपल्या क्रिकेटवेड्यांना ते लगेच पटतंही. पण ते चूक आहे.

कुंपण जवळ आहे, हे खरं. 1923 साली उघडलेल्या यांकी स्टेडियममध्ये उजव्या कोपऱ्यातलं अंतर 300 फुटांच्याही आत होतं, आजच्या मैदानात ते 314 फूट आहे. डावखुऱ्या बॅटरचे जोरदार फटके बहुधा उजवीकडे जातात, त्यामुळे त्याला याचा फायदा होतो, हेही मान्य. मग डावखुऱ्यांचेच आकडे बघू. यांकीजच्या बेब रूथचे 1927 चे 60 होमरन: घरच्या मैदानावर 28, बाहेर 32. यांकीजच्याच रॉजर मॅरिसचे 1961 चे 61: घरी 30, बाहेर 31. ज्या कुंपणाच्या नावाने एवढी ओरड चालते, त्याच्यापासून दूर खेळताना दोघांनीही जास्त मारले. 2022 मध्ये 62 मारणारा यांकीजचा ॲरन जज तर उजव्या हाताचा. त्याचे घरी 30, बाहेर 32, आणि बासष्टावा टेक्सासमध्ये.

'रूथ त्या मैदानामुळेच मोठा झाला' असंही म्हणतात. अहो, 1920 मध्ये त्याने 54 मारले तेव्हा ते मैदान बांधलेलंच नव्हतं! यांकीज तेव्हा न्यूयॉर्कच्याच जायंट्स संघाच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर भाडेकरू होते. तिथलं उजवं कुंपण याहूनही जवळ होतं, आणि त्या वर्षी रूथचे घरचे होमरन जास्त आहेत, 29 विरुद्ध 25. ते मी लपवणार नाही. पण मग त्याच मैदानाचे मालक जायंट्स काय करत होते? त्यांच्या अख्ख्या संघाला त्या वर्षी 54 गाठता आले नाहीत. इतर पंधरा संघांपैकी एकट्या फिलाडेल्फिया फिलीजनेच रूथपेक्षा जास्त मारले. कुंपण सगळ्यांसाठी तेवढ्याच अंतरावर असतं.

आणि याच मैदानाने हिरावून घेतलेले होमरन कोण मोजणार? डाव्या-मधल्या बाजूला जुनं स्टेडियम इतकं खोल होतं की त्या भागाला 'डेथ व्हॅली' म्हणायचे. 1947 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे सीझनच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. ब्रुकलिन डॉजर्स 8, यांकीज 5, यांकीजचे दोघे बेसवर, म्हणजे होमरन झाला तर बॅटरसह तिघांच्या तीन धावा. यांकीजच्या, उजव्या हाताने खेळणाऱ्या जो डिमॅजिओने बॉल डावीकडे सणसणीत मारला. कुंपणापलीकडे पडला असता तर बरोबरी. 415 फुटांच्या पाटीजवळ डॉजर्सच्या अल जिओनफ्रिडोने धावत जाऊन तो पकडला, आणि मैदानावर कधी भावना न दाखवणाऱ्या डिमॅजिओने सेकंड बेसजवळच्या मातीला लाथ मारली. त्याचे कारकिर्दीतले होमरन 361: बाहेर 213, घरी फक्त 148.