वाफेवरची वरात

सिगारेट ओढणारा माणूस ओळखायला सोपा. बिडीवाला त्याहून सोपा, तो पुढच्या गल्लीत असला तरी कळतो. वेपवाल्याचं, म्हणजे ई-सिगारेटवाल्याचं, तसं नाही. मागच्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हापूसचा घमघमाट सुटला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी घरोघर दारं वाजवत फिरल्या. प्रश्न एकच : या दिवसांत आढी घातलीय कोणी?

आढी माझ्या भाच्याच्या खिशात होती.

भाचा जन्मला आणि वाढला इंग्लंडात, रेडिंगला. मराठी झकास बोलतो, फक्त त्याच्या मराठीत ‘तुम्ही’ नाही. आजीपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ‘तू’. सुट्टीला आला तो हे जांभळं, बोटभर लांबीचं यंत्र घेऊन. दर पाच मिनिटांनी एक झुरका आणि मग खोलीभर ढग. माझी बायको पहिल्या दिवशी धूप समजून नमस्कार करून गेली.

मी त्याला म्हटलं, “अरे, आपल्याकडे याला बंदी आहे.” तर तो हसला. त्याच्याकडे म्हणे २०२३ साली सरकारनेच दहा लाख सिगारेटवाल्यांना वेप फुकट द्यायचं ठरवलं, सिगारेट सुटावी म्हणून. आमच्याकडे सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात-निर्यात, वाहतूक, साठा, जाहिरात, सगळं बंद. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; नुसत्या साठ्याला याच्या निम्मं. सिगारेटचं पाकीट मात्र कोपऱ्यावरच्या टपरीत राजरोस लटकतंय. त्यावर कॅन्सरचं चित्र छापलेलं असतं, म्हणून ते चालतं. वेपवर चित्र नाही. असो, सरकारचं तर्कशास्त्र सरकारजवळ. मला काळजी माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची होती.

कारण गाडी मी चालवत होतो. गाडी मेव्हण्याची, रात्र शनिवारची, आणि आम्ही लग्नाच्या स्वागत समारंभाहून परतत होतो. थंडी म्हणून काचा बंद. शेजारी भाचा. आइस्क्रीमवर त्याने जो दम मारला, त्याने समोरचा रस्ता, सिग्नल आणि एक रिक्षा असं तिन्ही एकदम नाहीसं झालं. मी वायपर लावला. वायपर बाहेरून काच घासत राहिला, ढग आत बसून हसत राहिला.

“तुमच्याकडे गाडीत हे चालतं?” मी विचारलं.

“चालतं. पण ढगामुळे रस्ता दिसला नाही तर निष्काळजी ड्रायव्हिंग होतं. शंभर पौंड दंड आणि लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट.”

“मग आत्ता काय चाललंय?”

“पण चालवतोयस तू ना, मामा!”

एवढ्यात पुढे बॅरिकेड दिसलं. म्हणजे दिसलं नाही, लाल दिवा ढगातून झिरपला. नाकाबंदी! मी काच खाली केली. गाडीतून जो लोट बाहेर पडला, तो पाहून एक हवालदार पाण्याची बाटली घेऊनच धावत आला.

“साहेब, बॉनेट उघडू नका! रेडिएटर गेलाय.”

मग त्याने नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. “रेडिएटरमध्ये आमरस घातला का?”

मशीन तोंडाशी आलं. मी फुंकलं. आकडा शून्य. आयुष्यात मी मसाला दुधापुढे गेलेलो नाही, तरी घामाने सदरा पाठीला चिकटलेला. आणि ज्याच्या हातात मुद्देमाल, तो पाय पसरून निवांत. संगत कोणाची आणि घाम कोणाला!

“हे काय, पेनड्राइव्ह?” हवालदाराने टॉर्च मारला.

‘हो’ म्हणायला माझी जीभ टाळूपर्यंत गेली होती. पण भाचा सत्यवादी हरिश्चंद्राच्या घराण्यातला, अर्थात बापाकडून. “वेप आहे. तुला बघायचंय?”

त्या ‘तुला’वर हवालदार वळला आणि साहेबांना हाक मारली. साहेब आले. दोन फुल्या, म्हणजे उपनिरीक्षक. या कायद्यात झडती-जप्तीचा अधिकार नेमका त्यांच्यापासून सुरू होतो, हे मला ठाऊक होतं. भाचा यायच्या आधी मी सगळा कायदा वाचून काढला होता. वाचलेला माणूस जास्त घाबरतो.

“बंदी आहे, माहितीय?” साहेबांनी मराठीतच सुरुवात केली.

“ओढण्याबद्दल कायद्यात कुठे लिहिलंय?” भाचा म्हणाला. मुद्दा बरोबर होता. बरोबर मुद्दा रात्री अकरा वाजता बॅरिकेडपाशी काढायचा नसतो, एवढंच.

“बरं. घेतली कुठं? इथंच, पानवाल्याकडं?”

“छे! इथला माल डुप्लिकेट असतो. ही ओरिजिनल. मी लंडनहून आणली.”

आयात! मी मनात एक वर्ष कैद मोजली.

“एकच आणली?”

“नाही, घरी मामाच्या कपाटात अजून चार आहेत.”

साठा. तोही माझ्या कपाटात! मी ब्रेकवरचा पाय उचलून भाच्याच्या पायावर ठेवायला गेलो, तर गाडी पुढे सरकली आणि हवालदाराने ‘पळतोय, पळतोय’ म्हणून बॅरिकेड आडवं ओढलं.

साहेब मात्र शांत. खिशातून चुन्याची डबी काढून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. मळता मळता विचारलं, “कशापायी ओढतो रे?”

“सिगारेट सोडायला. सुटली पण, तीन वर्षं झाली.”

“आणि हे?”

“हे चालू आहे.”

“मग सुटलं काय?”

भाच्याजवळ उत्तर नव्हतं. साहेबांजवळही असावं असं वाटलं नाही, कारण त्यांनी तळहाताकडे बघितलं, दोनदा थाप मारली आणि चिमूट ओठात सोडून दिली. त्यानंतर बराच वेळ त्यांना खुणेनेच बोलावं लागलं. खुणेचा अर्थ हवालदाराने सांगितला : ही इथं जमा, उरलेल्या चार उद्या सकाळी चौकीत आणून द्यायच्या, आणि पाव्हण्याला म्हणावं, साहेबांना अहोजाहो कर.

“थँक यू, तुम्ही!” भाचा म्हणाला.

मी गिअर टाकणार तोच हवालदार नंबरप्लेटपाशी मोबाइल घेऊन वाकला. “थांबा साहेब. पीयूसी संपलंय की गाडीचं.”

आतला ढग माफ झाला होता, बाहेरच्या धुराचं चलान फाटलं. ते मेसेजने थेट गाडीच्या मालकाकडे जातं, फोटोसकट. आम्ही पहिल्या सिग्नलला पोहोचतोय तोच मेव्हण्याचा फोन.

“अहो, फोटोत नुसताच पांढरा लोट दिसतोय! गाडी पेटली का काय?”

“नाही,” भाचा स्पीकरवर ओरडला, “मामा चालवतोय!”