दातातल्या ‘अळ्या’ बियांमधून आल्या होत्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘दंतवैद्य तुम्हाला कधीच सांगणार नाहीत अशी सात सत्ये’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरत आला. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण सांगोला तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याने त्यातील पहिले सत्य अमलात आणले आणि महिनाभरानंतर तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. तिचा सख्खा भाचा गेली २२ वर्षे पुण्यात दंतवैद्यक करतो आहे, तरी तिने मला एक फोन केला नाही. नंतर विचारले तेव्हा म्हणाली, “अरे, तुला सांगितलं असतं तर तू पुण्याला बोलावलं असतंस, आणि इथं डाळिंबाची तोडणी चालू होती.”

संदेशातील सात सत्ये थोडक्यात अशी: भुईरिंगणी या काटेरी रानवनस्पतीच्या बियांचा धूर घेतला की दातातली कीड दहा मिनिटांत बाहेर पडते, कर्करोगाच्या ९७ टक्के रुग्णांनी आधी रूट कॅनाल करून घेतलेले असते, दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, वरची दाढ काढली की नजर जाते, दुधाचे दात पडणारच असल्यामुळे त्यांच्यावर खर्च करणे मूर्खपणाचे, टूथपेस्टमधले फ्लोराइड हे विष आहे, आणि लवंग, तुरटी व मिश्री घरात असेल तर दंतवैद्याची गरजच नाही.

या संदेशाची मांडणी अशी चतुर आहे की दंतवैद्याने उत्तर दिले की तो आपला धंदा सांभाळतो आहे असे आपोआप ठरते. ठीक आहे. म्हणून माझ्या शब्दावर विश्वास न ठेवता कोणालाही स्वतः तपासून पाहता येईल अशा गोष्टीपासून सुरुवात करतो.

आत्याने आठवडी बाजारात जे करून घेतले ते असे. कोळशावर तापवलेल्या लोखंडी पळीत तुपात कालवलेल्या बिया टाकल्या गेल्या, वर नळी धरून धूर तिच्या तोंडात सोडला गेला, आणि मग तिला पाण्याने भरलेल्या स्टीलच्या ताटलीत लाळ गाळायला सांगितले गेले. ताटलीत ज्वारीच्या दाण्याहूनही लहान, पांढुरक्या, वळलेल्या अशा नऊ-दहा ‘अळ्या’ तरंगताना तिला दिसल्या आणि तिची खात्री पटली. त्यांतल्या काही तिने डबीत जपूनही ठेवल्या होत्या. मी गावी गेलो तेव्हा बांधावरच्या भुईरिंगणीची वाळलेली पिवळी फळे फोडून बिया काढल्या, चुलीवर पळी तापवून तुपात टाकल्या आणि त्या तडकल्यावर पळी पाण्याच्या ताटलीत उपडी केली. कोणाच्याही तोंडाचा संबंध आला नाही, तरी ताटलीत तशाच ‘अळ्या’ आल्या. वांग्याच्या कुळातील या वनस्पतींच्या बीमध्ये अंकुर वळलेल्या स्थितीत असतो; उष्णतेने बीचे साल फुटते आणि तो पांढरा, वाकडा अंकुर बाहेर पडतो. आत्याने डबी आणल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. तिला फरक सांगता आला नाही आणि मलाही नाही.

ही हातचलाखी नवी नाही आणि केवळ आपलीही नाही. युरोपात हाच प्रकार त्याच कुळातील खुरासानी ओव्याच्या बियांनी चाले. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे राहणाऱ्या याकोब क्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशकाने १७५७ मध्ये दातांतील काल्पनिक किड्यांवर एक पुस्तिकाच लिहून या ‘किड्यां’चा उगम बियांत असल्याचे दाखवले होते. त्याच्याही आधी, १७२८ मध्ये, फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने दातात किडे शोधूनही आपल्याला ते सापडले नाहीत असे लिहून ठेवले आहे. म्हणजे जी गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी निकालात निघाली, ती ‘सत्य’ म्हणून आज आपल्या फोनवर येते.

अर्थात यात थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे, हे मान्य करायला हवे. आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो, ‘किडका दात’ म्हणतो, आणि ज्वारीला किंवा लाकडाला लागते तशीच ती कीड असणार असे ऐकणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात दातावर साचलेल्या चिकट थरातील जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातील खनिज विरघळवते. विल्यबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनमध्ये काम करताना ही प्रक्रिया १८९० मध्ये सविस्तर मांडली. धुराने बाहेर काढावे असे त्यात काही नसते; खड्डा पडलेला असतो, आणि खड्डा भरावाच लागतो.

धूर घेतल्यावर आत्याची दाढ चौथ्या दिवशी दुखायची थांबली, हे मात्र खरे आहे, आणि गटावर तिने लिहिलेही तेच: “गुण आला.” मला सर्वांत जास्त राग या दोन शब्दांचा येतो, कारण रोज खुर्चीत बसणारा दुसरा-तिसरा रुग्ण तेच सांगतो. किडलेला दात आधी गार पाण्याने झिणझिणतो, मग गरम चहाने ठणका लागतो, मग रात्री आडवे झाले की झोप उडते, आणि एक दिवस सगळे शांत होते. ही शांतता दाताच्या आतली नस मेल्याची असते. दुखण्याची बातमी देणाराच उरला नाही म्हणून बातमी येत नाही. संसर्ग मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतो. आत्याच्या बाबतीत तीन आठवड्यांनी जबड्याखाली सूज आली, तोंड एक बोट जाईल इतकेच उघडू लागले आणि थुंकी गिळता येईना. तिला मधुमेहही आहे. खालच्या दाढांचा संसर्ग अशा रीतीने जिभेखाली आणि गळ्याकडे पसरला तर श्वासनलिकेवर दाब येऊन माणूस दगावू शकतो. या अवस्थेचे वर्णन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये केले, म्हणून ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. आत्याचा पू वेळेत काढता आला आणि सलाइनमधून प्रतिजैविके देता आली, म्हणून निभावले. दाढ अर्थातच काढावी लागली.

आता सातवे सत्य, कारण ते दुसऱ्याशी ताडून पाहिले की संदेश लिहिणाऱ्याची लायकी कळते. दुसऱ्या मुद्द्यात तो रूट कॅनालमुळे कर्करोग होतो म्हणून घाबरवतो आणि सातव्यात मिश्री लावायला सांगतो. मिश्री म्हणजे काय हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. नाव काहीही द्या, मशेरी म्हणा की मिश्री, ती तंबाखूच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे, आणि आपल्या देशात तर दंतमंजन वा टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे, आणि मिश्री लावणाऱ्या बायका या आकड्यांच्या बाहेर नाहीत.

हा मुद्दा केवळ तोंडापुरताही राहत नाही. मुंबईतील १२१७ गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी असल्याचे दिसले. मुंबईतल्याच बायकांची ही मोजणी आहे, परदेशातून उचललेला आकडा नव्हे. आमच्या गटावर दोन सुना गरोदर असताना कोणी तरी हा संदेश “उपयुक्त” म्हणून पुढे पाठवला. दात दुखला म्हणून सुरू झालेली मिश्री दात पडल्यावरही सुटत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक असताना!

लवंगेबद्दल मात्र मला अर्धे सत्य कबूल करावे लागेल. लवंगेच्या तेलातील युजेनॉल नस बधिर करते, आणि झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लेप आम्हीही दातात भरतो; दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो बराचसा त्याचाच. रात्री दोन वाजता दाढ ठणकत असेल तर कापसावर थेंबभर लवंगेचे तेल घेऊन दातावर ठेवायला माझी हरकत नाही. हिरडीला लावले तर ती भाजते एवढे ध्यानात ठेवावे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्याही चांगल्या. हे उपाय सकाळ होईपर्यंतचे आहेत, आणि संदेश ते जन्मभराचे म्हणून खपवतो.

रूट कॅनाल आणि कर्करोगाच्या गोष्टीचे मूळ शोधत गेले की अमेरिकेतील क्लीव्हलंडचा दंतवैद्य वेस्टन प्राइस याच्यापाशी पोहोचतो. रूट कॅनाल केलेले दात उपटून ते सशांच्या कातडीखाली बसवायचे आणि ससे आजारी पडतात हे दाखवायचे, असे प्रयोग त्याने केले व १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. उपटलेला दात जिवाणूंनी भरलेल्या तोंडातून बाहेर येतो, तो सशाच्या अंगात खुपसला तर ससा आजारी पडणारच. त्यासाठी रूट कॅनालची गरज नाही. पुढे इतरांनी काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत त्याचे निष्कर्ष टिकले नाहीत, पण तोवर या कल्पनेपायी असंख्य लोकांचे वाचवता येण्याजोगे दात उपटले गेले होते. राहिला ९७ टक्क्यांचा आकडा. कर्करोग न झालेल्या त्याच वयाच्या किती लोकांनी रूट कॅनाल केले होते हे सांगितल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही. कर्करोगाच्या ९७ टक्के रुग्णांनी भातही खाल्लेला असतो. रूट कॅनाल म्हणजे मेलेली किंवा मरू घातलेली नस काढून, मुळातील नळ्या साफ करून, त्या गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करणे. तो फसू शकतो, पुन्हा करावा लागू शकतो, आणि वर कॅप न बसवता तसाच ठेवलेला दात खारीक फोडताना दुभंगतो. या तक्रारी खऱ्या आहेत.

बाकीचे लवकर उरकतो. दात साफ केल्यावर हलतात ते साफ केल्यामुळे नव्हे. वर्षानुवर्षे चढलेल्या कीटणाने हाड झिजलेले असते आणि त्याच कीटणाने दात एकमेकांना लिंपून धरलेले असतात, ते निघाले की खरी स्थिती उघडी पडते. काही दिवस गार पाणी झोंबते, एवढे कबूल. वरच्या दाढेची नस आणि नजरेची नस या मेंदूतून निघणाऱ्या दोन वेगळ्या नसा आहेत. चाळिशीनंतर दाढाही पडू लागतात आणि चष्माही लागतो, म्हणून हा समज टिकून आहे. डोळ्याला धोका झालाच तर तो वरच्या दातातला पू तसाच ठेवल्याने होतो. फ्लोराइड जास्त झाले तर अपाय होतो, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यामुळे लोकांनी तो भोगला आहे. पण हा दोष पाण्याचा आहे, वाटाण्याएवढी पेस्ट घासून थुंकून टाकण्याचा नव्हे.

दुधाच्या दातांविषयी मात्र पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. “पडेलच की” म्हणून किडू दिलेली हीच दाढ मी दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडातून काढलेली आहे, आणि बाहेर बसलेल्या आईला ती पुन्हा येणार नाही हे सांगितलेले आहे.

संदेशामागे एक खरे कारण आहे, ते म्हणजे खर्चाची भीती. काही दवाखान्यांत गरज नसलेल्या कॅपा बसवल्या जातात, हेही मी नाकारत नाही. शंका असेल तर एक्स-रे घेऊन दुसऱ्याला दाखवावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत व जिल्हा रुग्णालयांच्या दंतविभागांत हेच उपचार खासगीच्या तुलनेत फार कमी पैशांत होतात. आत्याच्या ज्या दाढेला सुरुवातीला साधे सिमेंट भरून भागले असते, तिच्यापायी रुग्णालयाचे बिल एका हंगामाच्या फवारणीच्या खर्चाएवढे झाले. तिच्या आणखी दोन दाढा किडलेल्या आहेत. त्यांच्यासाठी ती आज जवळच्या सरकारी रुग्णालयात जाणार होती. डाळिंबाचा व्यापारी येणार असल्यामुळे पुढच्या मंगळवारी जाईन, असे तिने सकाळी फोनवर सांगितले आहे.