खुलासा: ॲन आर्बर हे डेट्रॉइटचं उपनगर नाही

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, म्हणजे ॲन आर्बर शहरात, शिकायला निघालेल्या मुलांना ‘ॲन आर्बर म्हणजे डेट्रॉइटच’ असं सर्रास सांगितलं जातंय. ते चूक आहे. अमेरिकी सरकारच्या जनगणनेच्या हिशेबात ॲन आर्बरची वॉशटेनॉ काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हे स्वतंत्र महानगर क्षेत्र आहे. शेजारच्या काउंटीतले किमान २५ टक्के नोकरदार मुख्य शहराकडे कामाला जात असतील, तर ती काउंटी सहसा त्या महानगरात धरतात. इथे विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय यांमुळे उलट बाहेरचेच लोक कामाला येतात.

गोंधळ होतो तो दोन्ही क्षेत्रं मिळून मोजल्या जाणाऱ्या मोठ्या ‘संयुक्त’ क्षेत्रामुळे. त्यात ॲन आर्बर आहे. शिवाय विद्यापीठ १८१७ साली डेट्रॉइटमध्येच स्थापन झालं आणि १८३७ मध्ये इकडे आलं. विमानतळही दोघांना एकच, वाटेवरचा. पण पालकांनो, स्वस्त भाडं बघून डेट्रॉइटमध्ये खोली ठरवू नका; अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे.