बार हे रॉकफेलरांचे कारकून नव्हते

‘मॉडर्न आर्ट म्युझियमचा डायरेक्टर म्हणजे धनिकांची आवड भिंतीवर टांगणारा पगारी माणूस. न्यूयॉर्कच्या मोमात (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) पैसा तेलसम्राट रॉकफेलर घराण्याचा, निवडही त्यांचीच. मालकांची मर्जी गेली आणि मोमाचे पहिले डायरेक्टर आल्फ्रेड बार संपले,’ असं बरेच जण ठासून सांगतात.

पैशाचं ठीक. पण कोणते रॉकफेलर? मोमा उभं करणाऱ्या तिघींपैकी एक अ‍ॅबी रॉकफेलर. त्यांच्या नवऱ्याला ही आधुनिक चित्रं अजिबात आवडत नसत. ७ नोव्हेंबर १९२९ ला, शेअर बाजार कोसळून ९ दिवस झाले असताना, दारं उघडली ती भाड्याच्या जागेत, उसनी चित्रं मांडून. बार तेव्हा २७ वर्षांचे.

आता निवड. सिनेमा, छायाचित्रं, वास्तुकला हेही म्युझियमचंच काम, हा बार यांचा पहिल्यापासूनचा आग्रह. विश्वस्त बिचकत होते. तरी वास्तुकलेचा विभाग १९३२ मध्ये, सिनेमाचा १९३५ मध्ये, छायाचित्रांचा १९४० मध्ये झालाच. दुसऱ्या संस्थापिका लिली ब्लिस यांनी मृत्युपत्राने आपला संग्रह मोमाला दिला, बहुतेक चित्रं विकायची मुभा ठेवून. त्यातलं फ्रेंच चित्रकार एदगार दगा यांचं चित्र देऊन १९३९ मध्ये पिकासोचं ‘ले दम्वाझेल दाव्हिन्यों’ आलं. १९४१ मध्ये व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ही याच संग्रहातल्या चित्रांच्या बदल्यात आलं. ही मालकिणीची आवड टांगणं नव्हे, तिच्याच परवानगीने ती मोडून नवं घेणं झालं.

‘संपले’ यात मात्र निम्मं तथ्य आहे. १९४३ मध्ये मंडळाचे अध्यक्ष स्टीफन क्लार्क (आपल्या घरोघरी असलेल्या सिंगर शिलाई मशीनच्या संपत्तीचे वारस) यांनी बार यांना डायरेक्टरपदावरून काढलं. एका बूटपॉलिशवाल्याचा नटवलेला स्टँड म्युझियममध्ये मांडल्याचा रागही त्यामागे होता. म्हणजे विश्वस्तांना न रुचणारं मांडलं म्हणून! नुसत्या होयबाला कोण कशाला काढेल? बार गेले नाहीत. कमी पगारावर ग्रंथालयात बसून लिहीत राहिले, १९४७ मध्ये संग्रहांचे डायरेक्टर झाले आणि १९६७ ला निवृत्त.

त्यांना चुकारपणाचा दोष द्यायचाच तर १९५८ चा द्यावा. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सच्या पहिल्या एकल प्रदर्शनातून त्यांनी मोमासाठी ३ चित्रं घेतली, पण अमेरिकन झेंड्याच्या चित्रावरून देशभक्त खवळतील म्हणून ते स्वतः न घेता वास्तुकार फिलिप जॉन्सन यांना घ्यायला लावलं. जॉन्सननी ते १९७३ मध्ये बार यांच्या सन्मानार्थ मोमाला देऊन टाकलं.