रंग बघून वायर जोडू नका रे

आज दुपारी कोरेगावात डिझेल फिल्टर घ्यायला एका गॅरेजवर थांबलो आणि तिथं जे बघितलं त्यानं अजून डोकं शांत झालेलं नाही. २०१४ ची पिकअप. तिच्यात २०१८ चं भंगारातलं इंजिन बसवलेलं, इंजिन चालवणारा कॉम्प्युटरही २०१८ चाच. विशीतला एक पोरगा बॉनेटमध्ये वाकून बसला होता. फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यापाशी, दोन्ही गाड्यांच्या वायरिंगचे गठ्ठे पकडीनं सरळ छाटलेले. लाल लालला, हिरवी हिरवीला, पीळ मारायचा, वरून काळी टेप. मी चाळीस जोडांपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. गाडीमालक शेजारी उभा. "रविवारपर्यंत गाडी चालू होईल," म्हणाला.

मला आमच्या पिकअपचे एकवीस दिवस आठवले.

इथल्या बऱ्याच जणांना ती गाडी माहीत आहे. पुण्याहून जुनी घेतलेली, २०१२ ची, कॉमन रेल, म्हणजे डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमानं सोडणारं इंजिन. ऐन आल्याच्या काढणीत इंजिन सीज झालं. भंगारातून २०१५ चं इंजिन मिळालं आणि विकणाऱ्यानं सोबत कॉम्प्युटरही दिला, छाटलेल्या वायरिंगसकट. चावी दिली नाही आणि आम्हीही मागितली नाही, कारण चावीचा इंजिनाशी संबंध असतो हे आमच्या गावीच नव्हतं. वायरमननं आज बघितलं तसंच रंगाला रंग लावून दोन दिवसांत काम संपवलं. सेल्फ झकास फिरायचा, पण गाडी उचलायची नाही. डॅशबोर्डवर चावीचा दिवा नुसता लुकलुकत राहायचा.

अरे, कंपनी साल बदललं की रंग बदलते, कपलर बदलते, पिनांचा क्रम बदलते! पूर्वीच्या पंपाच्या डिझेल जीपला रंग बघून चालायचं, हे मान्य. तिथं इंजिन बंद करायच्या सोलेनॉइडची एक वायर, सेल्फ, डायनॅमो, हीटर आणि दोन-तीन मीटरचे काटे, बस्स. कॉमन रेलचं तसं नाही. ॲक्सिलरेटरला केबलच नसते, पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि कॉम्प्युटर दोघांचा मेळ घालून बघतो. क्रँक सेन्सर इंजिनाच्या क्रँकवरच्या दातेरी चाकाचे दात मोजतो. नव्या इंजिनावरचं चाक वेगळ्या दातांचं निघालं तर जुन्या कॉम्प्युटरला इंजिन कुठं आहे तेच कळत नाही. इंजेक्टरच्या डोक्यावर कोड छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांत तो कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. आणि चावीतल्या चिपची ओळख पटली नाही तर हजार वेळा सेल्फ मारा, डिझेल सुटणारच नाही.

नुसत्या सालावरही जाऊ नका. १ एप्रिल २०१० ला बीएस-४, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, फक्त तेरा शहरांत लागू झालं. त्यात आपल्याकडची मुंबई, पुणे आणि सोलापूर. बाकी महाराष्ट्रात त्या वर्षी आलं ते त्याच्या आधीच्या पायरीचं बीएस-३. सगळ्या देशात बीएस-४ आलं ते २०१७ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे एकाच साली सोलापुरात पासिंग झालेली गाडी आणि आमच्या साताऱ्यातली गाडी, नाव एकच, पण आतला कॉम्प्युटर वेगळा असू शकतो. आरसी बुकवरचं साल बघून भंगारात "हाच द्या" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

आमचे आण्णा रोज संध्याकाळी गोठ्याचं उरकलं की त्या पिकअपमध्ये जाऊन बसायचे. चावी फिरवायची, दिव्याकडे बघायचं, परत उतरायचं. बोलायचे काहीच नाहीत. धुतलेलं आलं पोत्यात, गाडी दारात, आणि माल मार्केट यार्डला दुसऱ्याच्या टेम्पोनं, भाडं भरून. हे लिहितानासुद्धा त्या वायरमनचा राग येतोय. आणि आमचाही.

शेवटी साताऱ्याचे एक म्हातारे मेस्त्री आले. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी ताडपत्री मागितली. अंगणात ती अंथरली, दोन्ही वायरिंग त्यावर शेजारी शेजारी पसरली, प्रत्येक कपलरला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. त्यातच अख्खा दिवस गेला. मी घाई करत होतो तर म्हणाले, "पाव्हणं, रंगावर जाऊ नका. वायर कुठनं निघती आन् कुठं पोचती, तेवढंच खरं." टेस्ट लॅम्पला हात लावू दिला नाही. बल्ब जास्त करंट ओढतो, कॉम्प्युटरच्या लाइनवर लावला तर आतलं जळतं. फक्त मल्टिमीटर. स्कॅनरच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांत, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींत, मीटर लावून ते म्हणाले, बॅटरी काढलेली असताना इथं साठ ओहम दिसायला पाहिजेत, एकशे वीस दिसले तर कुठंतरी एक टोक तुटलंय. आमच्यात एकशे वीस होते. आणि सेन्सरांना जाणारी पाच व्होल्टची लाइन एका चुकीच्या जोडानं अर्थला लागलेली. त्या एका जोडानं पेडल, रेल प्रेशर, सगळंच आंधळं झालं होतं.

मग त्यांनी २०१५ चा कॉम्प्युटर बाजूला ठेवून दिला. इंजिन नवं राहू द्या, म्हणाले, पण वायरिंग, कॉम्प्युटर, चावी, पेडल आपल्याच गाडीचं. जुन्या इंजिनावरचे सेन्सर आणि इंजेक्टर काढून या इंजिनावर चढवले, क्रँकचं चाक जुळतंय ते आधीच मोजून घेतलं होतं. आमचं छाटलेलं वायरिंग एकेक वायर डाग देऊन, स्लीव्ह चढवून सांधलं. एकविसाव्या दिवशी आण्णांनी चावी फिरवली. दिवा लागला, विझला, आणि गाडी उचलली. आण्णा बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

दुसरं वायरिंग घालायचंच असेल तर पूर्ण सेट आणा. कॉम्प्युटर, इम्मोबिलायझर (चावीची चिप ओळखणारा डबा), चावी, पेडल, डॅशबोर्डचा मीटर, कपलरपासून कपलरपर्यंत न कापलेलं वायरिंग. कापलेलं दिसलं तर घेऊ नका, फुकट दिलं तरी. आणि इंजिन नंबर आरटीओत चढवून घ्या, नाहीतर अपघाताच्या वेळी विमा अडेल.

कॉम्प्युटर बदलून व्यवस्थित चालवणारे कारागीर आहेत, नाही म्हणत नाही. पण ते डायग्राम समोर घेऊन काम करतात. आणि नवा कॉम्प्युटर शेतकऱ्याला परवडत नाही, हेही खरं.

राग त्या पोरावर काढला मघाशी, आता लिहिता लिहिता वाईट वाटतंय. त्याला डायग्राम देणार कोण? कंपन्यांचे डायग्राम रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत पोचतच नाहीत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, गाड्याही तिच्या यादीत होत्या. कोरेगावच्या त्या पोराच्या हातात अजून पकडच आहे. मी "थांब, कापू नको" म्हणालो तेव्हा त्यानं उलट उत्तर दिलं नाही. "मग कसं करू, काका?" एवढंच विचारलं, आणि मला तिथं उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही.

उद्या सकाळी नऊला ताडपत्री, मल्टिमीटर आणि चिकटपट्टी घेऊन जातोय. त्याला राहिलेल्या वायरी कापू नको म्हणून फोन केलाय. म्हातारे मेस्त्री आता काम करत नाहीत, पण येऊन बसतो म्हणालेत. २०१४ च्या बीएस-३ पिकअपच्या वायरिंगचा डायग्राम कोणाकडे असेल तर रात्रीतच इनबॉक्स करा.