संमती फोटो काढायला, पसरवायला नव्हे

खासगी फोटो परस्पर पसरवण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं ‘फोटो मुलीने स्वतःच पाठवला असेल तर कायदा फारसं काही करू शकत नाही’ हे वाक्य साफ चूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ बघा (आधीच्या भारतीय दंड संहितेतलं ३५४ क, २०१३ मध्ये आलेलं). त्याच्या स्पष्टीकरणातच म्हटलंय की असा खासगी फोटो काढायला बाईची संमती असली, पण तो इतरांना दाखवायला नसली, तर तो पसरवणं हा गुन्हाच. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं कैद.

माझ्या मामेबहिणीचा असाच फोटो पसरवला गेला, म्हणून तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले होते, तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी पहिला प्रश्न हाच विचारला, “पण तू पाठवलासच कशाला?” मी मोबाइलवर कलम उघडून पुढे धरलं, तेव्हा कुठे तक्रार लिहायला कागद पुढे ओढला त्यांनी. त्यात हिने आदल्या रात्री घाबरून सगळं चॅट उडवलेलं! लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट एका मैत्रिणीकडे होते म्हणून निभावलं. आणि हो, कलम ७७ फक्त बाईच्या फोटोला लागू. मुलाचा तसा फोटो फिरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई आहे, तेही लेखात हवं होतं.